चार मिनिटं

प्रिय वहिनी,

दोन महिने तुला एकही फोन केला नाही आणि आता एकदम पत्र. फोनवर तुझा आवाज ऐकला असता, तर मी पुन्हा शब्द गिळले असते.

दुकान चालू आहे. दादा स्वतःच मशीनवर बसतो, कोणाशी धड बोलत नाही. तुझी खुर्ची खिडकीपाशी तशीच आहे. आठवतं, पाटी कोरायचं लेझर सुरू करण्याआधी तू प्रिव्ह्यू उघडून एकेक ओळ बोट फिरवत वाचायचीस, तेव्हा दादा म्हणायचा, लग्नाआधी हिने मलासुद्धा एवढं निरखून पाहिलं नव्हतं. मला तू किती वेळा बजावलंस, की डिझाइनच्या पडद्यावर सगळंच दिसतं, पण जो रंग बंद ठेवलाय तो मशीन कोरत नाही. खरं काय कोरलं जाणार ते प्रिव्ह्यूतच कळतं. मी नुसती मान डोलवायचे. घाईबाई हे नाव तूच ठेवलंस.

आणि मग ती कारखान्याच्या टाकीची पाटी. वरची-खालची ओळ काळ्या रंगात, मधली लाल: 'आतली हवा तपासल्याशिवाय उतरू नये.' टाकीवर लागली ती पाटी मधल्या ओळीशिवाय. सफाईला आलेल्या माणसाचा तो तिसराच दिवस. झाकण उघडण्याआधी त्याने पाटी वाचली होती, असं त्याचा जोडीदार सांगतो. तो उतरला, तो वर आलाच नाही. त्याची बायको आपल्या दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तू तिला पाणी द्यायला गेलीस. पेला कलंडला, तो तिनेच सावरला.

कामाच्या कागदावर तुझी सही होती: 'प्रिव्ह्यू पाहिला, कोरायला अकरा मिनिटं.' दादाने सगळ्यांसमोर विचारलं, "सही तुझीच ना? मग बघितलंस काय?" तू म्हणालीस, "बघितलं होतं. पण आता माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटत नाही." मी तिथेच उभी होते. त्याच आठवड्यात तू बॅग भरून माहेरी गेलीस. परवा तुझ्या आईंचा फोन आला. म्हणाल्या, गॅस बंद केलाय का हे तू दहा-दहा वेळा जाऊन पाहतेस.

वहिनी, तुझी पाटी बरोबर होती. ती माझ्या हातून पडली आणि तिचा कोपरा उडाला. तू डॉक्टरांकडे गेली होतीस. तुला कळायच्या आत दुसरी करावी म्हणून मी मशीनवर बसले. आधी भंगार तुकड्यावर चाचणी घेतली. लाल ओळीला वेळ लागतो म्हणून ती बंद केली आणि पुन्हा चालू करायची विसरले. प्रिव्ह्यू उघडला नाही. पाटी सात मिनिटांत झाली, चार मिनिटं वाचली म्हणून मी खूश झाले आणि पाटीवरचा चिकट कागद न सोलता, न वाचताच ती गुंडाळली. मशीनच्या नोंदीत ती सात मिनिटं आणि तू डॉक्टरांकडे होतीस ती वेळ आहे. त्या नोंदीचा कागद मी उद्या चौकशीच्या साहेबांपुढे ठेवणार आहे. दादाला आज जेवताना सांगितलं, तो ताटावरून उठून गेला. मला माफ कर असं लिहायचं तोंड नाही. तू परत ये किंवा येऊ नकोस, पण गॅस एकदाच बघ. तुझ्या डोळ्यांनी काहीच चुकवलं नव्हतं.

तुझीच,
घाईबाई