पंचाच्या पोरीचा हात

बाबा, मी तुमच्यावर अजून रागावलेलीच आहे. रोज सकाळी वंदना झाली की तुमच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते आणि हात जोडतानाच देवळीच्या शाळेतली ती फायनल आठवते. तुम्ही कबड्डीचे पंच, मी चढाईला गेलेली. एकीला हात लावून वळले, दुसरीनं पाय धरला, मी तोंडावर पडते आहे, पण माझी बोटं मधल्या रेषेला टेकली आहेत. तुम्ही रेषेपाशीच उभे. तरी मला बाद दिलंत. जिल्ह्याची निवड त्याच सामन्यावर होती. संध्याकाळी चुलीपाशी मी विचारलं, "बाबा, माहा हात टेकला होता नं? काऊन देलं नाई?" वरणात भाकर चुरत तुम्ही म्हणालात, "पाह्यला ना मी. पण पंचाच्या पोरीले पॉइंट देला असता तर लोक काय म्हणले असते?" पाहिला होता! दिसला नसता तर मी कधीच विसरले असते. गावात तुमचं नाव झालं, सख्ख्या पोरीलेही सोडलं नाई म्हणून. मी मॅट्रिक झाले, लग्न झालं, पुन्हा मैदानात उतरले नाही.

आता तुमची थोरली नात रग्बीची रेफरी आहे. लांबुळका बॉल घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेवर नाहीतर रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा, त्याला ट्राय म्हणतात. बुटांची किंमत ऐकून मी कुरकुरले तर म्हणते, "आई, तुह्या हिशेबानं तर शिट्टीही इकत न घेता तोंडानंच वाजवा लागते." ती खेळणाऱ्या पोरींइतकीच धावते. शिट्टीआधी ओरडून सांगते, हात काढ, मागं सर. कॅप्टननं विचारलं तर कारण सांगते. तुमच्याजवळ कारण नव्हतं, बाबा, लोक होते.

परवा वर्ध्याला सामना होता. ठरलेला रेफरी आला नाही आणि धाकटी एका बाजूनं खेळत होती. दोन्ही कॅप्टन हो म्हणाल्या, तेव्हाच थोरलीनं शिट्टी घेतली. धाकटीचा हात एकीच्या गळ्यावर गेला, तर तिला पिवळं कार्ड दाखवून बाहेर बसवलं. लोकांनी काय टाळ्या वाजवल्या! मला तुमच्या वेळच्या टाळ्या आठवल्या आणि अंगाचा भडका उडाला. शेवटी धाकटी परत आली, बॉल घेऊन पळाली आणि रेषेपाशी पोरींच्या ढिगाखाली गेली. थोरली धावत जाऊन चक्क मातीत आडवी झाली, गाल जमिनीला लावून आत पाहत राहिली. मग उठली, हात वर, शिट्टी. ट्राय. "बहिणीले देली! घरचाच पंच!" मागून एक जण ओरडला. समोरची कॅप्टन आली. थोरली म्हणाली, "बॉल रेषेवर टेकला. रेषा म्हणजे ट्रायच. मी पाह्यलं." पोरगी मान डोलावून परत गेली. लोक ओरडतच राहिले. थोरलीनं अंगावरची माती झटकली आणि खेळ पुढे सुरू केला. एवढंच करायचं होतं हो तुम्हाला.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. घडी करून डाळीच्या डब्याखाली सारीन, वाचणार कोण? थोरलीला हे सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. ती मातीत आडवी झालेली असताना, शिट्टी वाजायच्या आधी, मी मैदानाच्या पायरीवर उभी राहून पुटपुटत होते, "नको देऊ, बाई. लोक बोलतीन."