चिखलाचं वाचन

९ नोव्हें., रवि.

पलूसला मास्तरांकडे बैठक. तिघेच, नेहमीसारखे, लष्करी गाड्यांची छोटी मॉडेलं करणारे. मास्तर शाळेत चित्रकला शिकवतात आणि घरी माती कालवत बसतात. त्यांनी लष्करी जीप केली होती, तळहातावर मावेल एवढी. वाचन झालं. नियम ठरलेला आहे. ज्याची गाडी त्यानं तोंड बंद ठेवायचं. बाकीच्यांनी नुसत्या चिखलावरून सांगायचं की गाडी कुठून आली, कशी आली, किती दिवस उभी आहे. जुळलं नाही तर थिनरनं सगळं धुवायचं.

आबा सुभेदारांनी चष्मा कपाळावर ढकलला, जीप नाकाशी धरली. "मास्तर, बॉनेटवर चिखल हाय आन् चाकं कोरडी. ही गाडी काय उचलून न्हेली व्हय?" मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं. जीप धुतली. लय हसलो.

मग आबांनी पिशवीतून नवा खोका काढला. रणगाडा. आबांची सगळी नोकरी रणगाडा चालवण्यात गेली, आता साताऱ्याकडे गावी ऊस बघतात. मुलगा संदीप पण तेच करतो, सध्या सीमेकडे. जानेवारीत रजेवर येणार, तेव्हा त्याच्या पोरीचं जावळ आहे. त्याआधी त्याचा रणगाडा टेबलावर उभा पाहिजे म्हणतात. "त्याचाच. नंबरासकट. डाग न् डाग. आन् रंग तूच मारायचा." बोट माझ्याकडे. मास्तर थिनरची बाटली पुसत बसले. मला मात्र आतून गुदगुल्या.

१३ नोव्हें., गुरु.

आबांनी फोटो पाठवले. संदीपनं त्यांना पाठवलेले, अकरा आहेत. पाठोपाठ फोन आलाच. "हे बघ, आमच्या टायमाला क्यामेरा घिऊन गाडीजवळ गेलो असतो तर कातडं सोललं असतं. माझ्या हट्टापायी पोरानं काढून धाडल्यात. तू बघ, रंग लाव, पुसून टाक. कुनाला दावू नगंस." म्हटलं, आबा, मी काय कुक्कुलं बाळ आहे का.

पण काय फोटो आहेत! खाली काळा चिखल, वाळून तडकलेला. त्यावर पांढरी धूळ, खारट असावी, कडेला पापुद्रे धरलेत. चार कोपऱ्यांना रंग घासून लोखंड उघडं पडलंय, म्हणजे साखळदंडानं बांधून रेल्वेनं आणलाय. मागं चर दिसतो, पलीकडे आणखी गाड्या. जेवायचं विसरलो.

१८ नोव्हें., मंगळ.

लॅबमध्ये कवळ्यांचा ढीग. डॉक्टर मंडळींना सगळं कालच पाहिजे असतं. जत भागातल्या एका म्हाताऱ्याचे पुढचे चार दात केले, त्यांना तंबाखूचा हलका डाग दिला. नवा दात पांढराफेक ठेवला की कुणीही ओळखतं. हे आयुष्यभर करतोय, म्हणून वेदरिंग, म्हणजे मॉडेल वापरलेलं, मळलेलं दाखवणं, मला कुणी शिकवावं लागलं नाही.

घरी रणगाड्याच्या वरच्या फिरत्या बुरुजावर नंबर रंगवला. भिंगाखाली, एका केसाच्या ब्रशनं. सुषमा चहा ठेवून म्हणाली, "पंख्यावरची जळमटं तेवढी काढायची नाहीत. चिखल फासायला मात्र हात शिवशिवतात." बरोबर आहे तिचं. पंखा राहिला.

२३ नोव्हें., रवि.

बैठक माझ्याकडे, मिरजेत. आबांनी बहिणीच्या रानातली माती आणली होती, माण भागातली, पांढरट. पिठाच्या चाळणीनं चाळली. सुषमानं पाहिलं आणि तिघांचाही उद्धार केला. आबा सुभेदार असून मान खाली घालून उभे. चाळण आता माझीच झाली, नवी आणून द्यायची आहे.

दुपारपर्यंत धूळ बसवली. मग वाचन. मास्तरांना म्हटलं, तुम्ही नाही, आबाच वाचतील. आबांनी फोटो नीट पाहिलेच नव्हते म्हणे. बारीक दिसत नाही फोनवर. रणगाडा हातात घेतला.

"काळ्या रानात हुता. पावसाळा तिथंच काढलाय. मग रेल्वेनं न्हेलाय. आता खाऱ्या मातीत हाय. पंधरा दीस झालं जाग्यावर." पुढची बाजू बोटानं चाचपली. "नाक खाली करून उभा हाय. म्हंजी चरात." मग रणगाडा अलगद टेबलावर ठेवला. वाटलं, आता पाठ थोपटतील.

"लय खरं झालंय," म्हणाले. "झाकून ठिव."

चहा न घेताच एस.टी.ला गेले. हे काही बरं वाटलं नाही. मास्तर म्हणाले, पोराची आठवण आली असेल. असेल.

२५ नोव्हें., मंगळ.

टाकला. मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर, देशभरची मंडळी आहेत तिथं. आबांना सांगितलेलं नाही. फोटो नाही टाकलेत संदीपचे, फक्त माझं मॉडेल. माझं खातं पण टोपणनावाचं. मग हरकत काय? एवढं काम करायचं आणि कपाटात झाकून ठेवायचं?

खाली सगळं लिहिलं. कुठला थर आधी, कुठला नंतर, साखळदंड घासल्याच्या खुणा का, पांढरी धूळ वर का. नाहीतर लोकांना कळायचं कसं?

दुपारपर्यंत कौतुकाचा पाऊस. पुण्याचा एक जण एरवी सगळ्यांच्या चुका काढत फिरतो, त्यानं पण हात जोडले. लॅबमध्ये मेण वितळवताना एकटाच हसत होतो.

२८ नोव्हें., शुक्र.

करण नावाचा मुलगा, इंदूरचा म्हणतो. खासगीत मेसेज. माणूस तयारीचा आहे. म्हणाला, उजव्या पट्ट्याला धूळ जास्त आहे, वारा त्या बाजूचा असेल. हे मास्तरांना कळलं नव्हतं, आबांनाही नाही. मीच फोटो बघून केलं होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही म्हणून मनात खट्टू होतो.

तो पण तसाच रणगाडा करतोय. "दादा, रेफरन्स मिलेगा क्या?" तीन पाठवले. नुसत्या चाकांचे. त्याचे प्रश्न इतके नेमके की लॅबमधून घरी आल्यावर राहिलेले पाठवले.

अकराच्या अकरा गेले. आपल्यातलाच आहे. असे रेफरन्स मी पण कितीजणांकडून घेतलेत.

१ डिसें., सोम.

करणचे मेसेज सकाळपासून. आता चिखलाचं विचारत नाही. मागच्या गाड्या किती, फोटोत कापल्या गेल्यात का. चर किती खोल. त्यात पाणी असतं का. म्हणे देखावा करायचाय. म्हटलं, विचारून सांगतो. तर म्हणाला, "किससे पूछोगे? ड्रायव्हर से?" आणि त्याचं नाव विचारलं. मॉडेलवर बारीक अक्षरात लिहिणार म्हणे, मानवंदना म्हणून.

नाव नाही दिलं. म्हटलं, आधी तुझं काम दाखव. पाऊण तासानं एक फोटो आला. सुंदर रणगाडा. पण तो माझ्या ओळखीचा आहे! परदेशातल्या एका म्हाताऱ्यानं केलेला, माझ्या कॉम्प्युटरवर कधीचा साठवलेला आहे. कडेची हिरवी चटईसुद्धा तीच.

म्हणजे हा मॉडेल करतच नाही. मग हा कोण? समोर पेशंटचा ठसा पडलेला, त्यात प्लास्टर ओतायचं राहिलं ते राहिलंच.

२ डिसें., मंगळ.

पोस्ट काढली. करणला ब्लॉक करायला गेलो तर खातंच नाही. सगळे मेसेज आहेत, माणूस नाही.

मास्तरांना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "अहो, आपण वाचन करतो ते खेळ म्हणून. तुम्ही त्याला धडा लिहून दिलात." चिडून म्हटलं, मला शिकवू नका. फोन ठेवल्यावर कळलं की आवाज चढलेला फक्त माझा होता.

आबांना सांगायचं आहे. उद्या सांगतो.

५ डिसें., शुक्र.

नाही सांगितलं. दोनदा नंबर लावला, दोन्हीदा उसाच्या तोडीचं विचारलं आणि ठेवला. लाज वाटते.

संदीपचा फोन दोन दिवस आला नाही म्हणत होते. रेंज नसंल, असं त्यांनीच म्हटलं. मी पण म्हटलं, रेंज नसेल.

९ डिसें., मंगळ.

आबांचा फोन सकाळीच. आवाज ओळखू येईना. संदीपचा मोबाइल काढून घेतलाय. गाडीवरून उतरवलंय, वेगळं ठेवलंय, चौकशी चालू आहे. त्याच्या सोबतच्या पोरानं सुनेला कळवलं, तेही तुटक तुटक. काय विचारतात माहीत नाही. एवढंच कळलंय की त्याच्या गाडीचा नंबर कुठंतरी बाहेर दिसला.

"माजंच चुकलं रं," आबा म्हणाले. "गावात च्याच्या टपरीवर दोघातिघांस्नी फोटो दावले. पोराचा रणगाडा म्हनून. म्हातारपनात चळ लागला मला. कुनीतरी कुठं तरी धाडला आसंल."

मी काय म्हणालो? म्हणालो, आबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

हे लिहिताना माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतंय. पंचाहत्तरीचा माणूस टपरीवरच्या चार जणांना आठवून आठवून स्वतःला खातोय आणि मी त्याला धीर देतोय.

११ डिसें., गुरु.

सुषमाला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. म्हणाली, "आबांना कोण सांगणार? मी?" संध्याकाळी दोन बायका हळदीकुंकवाचं विचारायला आल्या तर त्यांना दारातूनच परत पाठवलं.

दारात बुलेट थांबली की पडद्याआडून बघतो. पत्ता शोधायला कितीसा वेळ लागतो पोलिसांना.

१४ डिसें., रवि.

आबांच्या गावी. मास्तर सोबत आले. मी बोलावलं नव्हतं. स्टँडवर उभे होते.

सून ओट्यावर पोरीला भरवत होती. पोरीचे केस डोळ्यांवर आलेले. आबा म्हणाले, "या या, बरं झालं आला," आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. म्हटलं, चहा नको, आधी ऐका.

सगळं सांगितलं. कधी टाकलं, काय लिहिलं, करण कोण, किती फोटो.

"अकराच्या अकरा?"

"होय."

"चराचा बी?"

"होय आबा."

शिव्या घालतील वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "टपरीवरच्या त्या रामाला मी परवा काय काय बोललो. बिचाऱ्याचा काय संबंध न्हाई." आतल्या घरात भांड्यांचा आवाज थांबला होता. सून ऐकत होती.

पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले. "मला सांगून काय उपेग? जितं सांगायचं तितं जा. पोरगं बापाला फोटो धाडतंय, दुश्मनाला न्हवं. येवढं त्यास्नी कळलं की सोडतील. फौज आंधळी न्हाई."

मास्तर म्हणाले, आधी वकील बघू. आबा उखडले. "वकील कशाला? खरं सांगायला वकील लागतो व्हय?"

हेच मला पण वाटलं. खरं सांगितलं की संदीप सुटेल, माझं काय व्हायचं ते होऊ दे. परतीच्या वाटेवर कितीतरी दिवसांनी भूक लागली.

१७ डिसें., बुध.

सांगलीला पोलिसांकडे गेलो. स्वतः. मेसेजचे कागद काढून नेले, फोन दिला. दोन तास बाकावर बसवलं, मग आत. दोघे होते. एक इथले, दुसरे बाहेरून आलेले, साध्या कपड्यात. सभ्य माणूस. पाणी दिलं. मी काही लपवलं नाही. करणचं ऐकताना ते मान हलवत होते, जणू त्यांना ठाऊकच होतं.

मग विचारलं, फोटो तुमच्याकडे कसे आले?

म्हटलं, आबांकडून.

"त्यांच्याकडे?"

"संदीपनं पाठवले. वडिलांना. फक्त वडिलांना, साहेब. मॉडेलसाठी." हे मी जोर देऊन सांगितलं. यासाठीच तर गेलो होतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. इथल्या साहेबांकडे पाहिलं. "त्यानंच काढले? नक्की?"

"नक्की."

"तो रोज एकच सांगतोय, मी गाडीचा एकही फोटो काढला नाही. फोनमध्ये काही सापडलं नव्हतं. वडिलांचाही फोन बघायचा होताच, पण ते आता ओघानं आलं." पेन पुन्हा उचललं. "तुम्ही आलात ते बरं केलंत. सावकाश सांगा. तारीख आठवते?"

तारीख माझ्या फोनमध्येच होती. त्यांनी दाखवली, मी वाचली, त्यांनी लिहून घेतली. आता मागं फिरायची वाट नव्हती. तीन पानं झाली. प्रत्येक पानावर सही. शहर सोडायचं नाही म्हणाले. मोबाइल तिथंच राहिला.

आबांनी पुसून टाक म्हटलं होतं ते मला. संदीपनं त्याच्याकडचे पुसले होते. बापाचं नाव येऊ नये म्हणून नाकारत बसला असेल. माझ्या सहीनं तो खोटा पडला. मला कसं कळणार होतं? आबांना तरी कुठं माहीत होतं?

१८ डिसें., गुरु.

आबांनी सुषमाच्या फोनवर फोन केला. घ्यावा लागला.

"गेलतास?"

"होय, काल."

"समदं सांगितलंस? पोरानं मलाच धाडले म्हनून?"

"सांगितलं."

"लिवून घेतलं?"

"होय."

"मंग झालं," आबा म्हणाले. श्वास सोडलेला ऐकू आला. सुनेला हाक मारून सांगितलं, साहेबांनी लिहून घेतलंय म्हणून. तिचा आवाज आला, काय म्हणाली ते कळलं नाही. "आता आठ-पंधरा दिसात येतंय बघ पोरगं. जानेवारीतलाच दीस धरतो जावळाचा. मामाला निरोप धाडतो. तू आन् मास्तर आदल्या दिशीच या मुक्कामाला."

येतो म्हटलं.