तिसरी प्रत

३ तारीख, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस. ऑफिस झकास आहे. मशीनरूममध्ये तर इतका गारवा, की स्वेटर घालूनच बसावं लागतं. लाखो माणसांच्या नोंदी इथे शेकडो मशीनवर विखुरल्या आहेत. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती, तीन वेगळ्या मशीनवर. दोन जुळल्या आणि तिसरी वेगळं सांगू लागली, की तिसरी मुकाट दुरुस्त होते. माझं काम दुबार नोंदी शोधून त्या एक करण्याचं. दादाला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, माझ्या वह्या बघून पास झालेला आता कॉप्या पकडणार! आम्ही जुळे, हुबेहूब एकसारखे. तो सात मिनिटांनी मोठा, तोरा मात्र सात वर्षांचा.

६ तारीख, गुरुवार
माझा नियम सोपा: जन्मतारीख, आईवडील, पत्ता एक, तर माणूस एक. इथल्या सर्वांत जुन्या काकांना सगळे 'चाळणी' म्हणतात. ते म्हणाले, अशा जोड्या आधी हाताने तपासायच्या, दोन आठवडे गेले तरी चालतील. साहेबांना आजच आकडा हवा होता. मी दुपारीच उरकलं. चाळीस हजार नोंदी कमी झाल्या, साहेबांनी पाठ थोपटली.

७ तारीख, शुक्रवार
दादाचा नंबर अस्तित्वात नाही म्हणे. जुळी भावंडं! जुळ्यानेच जुळ्यांना विसरावं? शाबासकीसाठी अक्कल गहाण ठेवली मी.
चाळणीकाकांनी पाकिटातली चिठ्ठी दाखवली. त्यांच्याच अक्षरात: तुला जुळी बहीण होती. त्यांना ती आठवत नाही.

१० तारीख
माझ्या हाती एकच मशीन. त्यावर दादाची नोंद भरली. दहा मिनिटांत दुरुस्त होऊन पुसली गेली. पुन्हा भरली. पुन्हा —
आईला फोन केला. ती हसली. "कुठला दादा रे? तू आमचा एकुलता एक." बाबांनीही तेच सांगितलं.
दोन प्रती जुळल्या. तिसरी मी.

११ तारीख
दादाचा चेहरा आठवेना. मग आरशात पाहिलं, तोच तर — नाही, हा माझा —
मी केलं हे. हे तरी विसरू नये. विसरू —

१२ तारीख
ऑफिस झकास आहे. गारवा छान आहे. मागची पानं चाळली, कुणा दादाबद्दल लिहिलंय. अक्षर माझंच. साहेब म्हणाले, कामाचा ताण असेल.
पाकिटात लहानपणचा फोटो सापडला. मी सायकलवर. शेजारी आणखी एक सायकल, रिकामी, पण पडत नाही. तिला कोणी धरलं —