बॅकयार्डातलं हिमालयी वाण

१२ मे

गुरुदत्तने बिया दिल्या. बारा. फिल्मच्या जुन्या डबीत. करड्या, तिकोनी. पाच वर्षांपूर्वी हिमाचलमधल्या एका गावातून आणल्या म्हणे — अस्सल गावठी वाण, हायब्रिड नाही. मिल्टनला त्याच्या घरी फ्रिजमध्ये होत्या, त्याची बायको यामिनी हिच्या भाज्यांच्या बियांमागे. 'असा गांजा जगात नाही,' म्हणाला. गुरुदत्तने जग किती पाहिलंय हा वेगळा विषय.

हा उपद्व्याप बायकोच्या, उल्काच्या पायांसाठी. किमोने कॅन्सर गेला, पायांची आग राहिली. दोन वर्षं झाली. झोप नाही. दुपारी गार पाण्याच्या टबात पाय घालून बसते. डॉक्टर म्हणाले, कॅनबिस ऑइल, म्हणजे गांजाचं तेल, घेऊन बघा. आमची मुलगी अक्षरा लव्हालहून फोनवर रोज तेच — 'बाबा, जस्ट बाय द ऑइल!' दुकान आमच्याच प्लाझात आहे, ग्रोसरीला लागून. पण दुकानातला हायब्रिड माल मी घरात टोमॅटोचासुद्धा आणत नाही.

इथे कॅनडात कायद्याने घरटी चार झाडं लावता येतात. चारच लावणार.

१३ मे

मोजमापाशिवाय प्रयोग म्हणजे स्वयंपाक. म्हणून पद्धत ठरवली. रोज सकाळी सातला उल्काला विचारायचं — पायांची आग शून्य ते दहात किती? वहीत नोंद.

आज विचारलं. माझ्याकडे बघतच राहिली.

आठ.

२२ मे

बारापैकी नऊ उगवल्या. चार धडधाकट ठेवल्या, पाच उपटल्या. उल्का हळहळली. मी म्हटलं, कायदा म्हणजे कायदा.

आठ.

१६ जून

इंटरनेटवर पहिलं पान दातेरी दाखवतात. आपलं बदामाच्या आकाराचं. गुरुदत्तला फोन केला. म्हणाला, गावठी वाणात रोपागणिक स्वभाव वेगळा, हायब्रिडसारखी छापील रोपं नसतात. पटलं.

उल्का आज पायऱ्या उतरून अंगणात आली. या वर्षी पहिल्यांदाच! एक पान खुडलं, चुरगळलं, चावून पाहिलं. मग हसायला लागली. हसण्यासारखं काय ते कळेना. 'चांगली येतायत,' एवढंच म्हणाली. ती अमरावतीकडची. तिकडचे लोक कशालाही हसतात.

९ जुलै

झाडं छातीपर्यंत. पानांना आता पाच बोटं फुटली. अगदी चित्रातल्यासारखी! शेजारच्या टोनीने कुंपणावरून शाबासकीचा अंगठा उंचावला. ज्याला कळतं त्याला कळतं.

वास मात्र नाही. थंड हवेतली जात, वासाला सौम्य असणार.

२१ जुलै

ससे लागलेत. फक्त कोवळे शेंडे खातात, तेही स्वच्छ खुडल्यासारखे. कॅनडातले ससेसुद्धा शिस्तीचे. जाळी लावली.

जेवायला आंबट पालेभाजी, लसणाची फोडणी, वर ज्वारीच्या कण्या. रोजच्या फ्रोझन पालकापेक्षा कितीतरी बरी. दोनदा घेतली.

२४ जुलै

जाळीचा उपयोग नाही. शेंडे गेलेच.

१५ ऑगस्ट

आजपासून खरं काम. ही झाडं कॅलेंडर बघत नाहीत, अंधार बघतात. रात्र बारा तासांची झाली की फुलायला घेतात. आपल्या दुकानी जाती सप्टेंबरात आटोपतात; हिमालयी वाण निवांत — ऑक्टोबर, नोव्हेंबर. तिकडे चालतं. इथे मिसिसागात तोवर हिव पडून सगळं काळं होईल, आणि उल्काचा आणखी एक विंटर तसाच जाईल.

उपाय — अंधार आपणच करायचा. पाइपांचा सांगाडा उभा केला, वर काळी ताडपत्री. संध्याकाळी सातला झाकायचं, सकाळी सातला उघडायचं. एक दिवस चुकला तर झाड गोंधळतं. पस्तीस वर्षं पुलांची डिझाइनं केली, पण इतक्या काळजीने एकही नाही.

उल्का म्हणाली, देवाला निजवतात-उठवतात तसं चाललंय तुमचं. म्हणाली खरी, पण सातला ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला आली.

आठ.

२६ ऑगस्ट

गुरुदत्तचा फोन. त्यांच्या बॅकयार्डात स्कंक — मांजराएवढा, घाण वास सोडणारा प्राणी — शिरलाय, वासाने खिडकी उघडता येत नाही. माणूस बोलावला, त्याला स्कंक सापडला नाही. शिवाय यामिनीची भाजी यंदा कडूजहर निघाली, तिने अख्खी ओळ उपटून यार्ड वेस्टच्या कचऱ्यात घातली. काही लोकांच्या हाताला गुण नसतो.

१ सप्टेंबर

फुलांची वाट बघत बसण्यापेक्षा प्राथमिक चाचणी घ्यायचं ठरवलं. पानांचा काढा, अर्धा कप, सकाळी. इंटरनेट म्हणतं पानांत काही नसतं. इंटरनेटने हे वाण पाहिलेलं नाही.

मी चव घेतली. आंबट. उल्काने कप हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि एका दमात प्यायली.

२ सप्टेंबर

सात!!

८ सप्टेंबर

मंडळाच्या गणपतीला गेलो नाही. आरती साडेसातला, ताडपत्री सातला. उल्का म्हणाली, मग मीही नाही जात. अंगणात दोन खुर्च्या टाकून बसलो. ती माहेरच्या विहिरीबद्दल बोलत होती. शेहेचाळीस वर्षांत ही विहीर मला माहीत नव्हती. बरं वाटलं.

सहा.

१९ सप्टेंबर

पाच. आलेख काढला. फ्रिजवर लावला. अक्षराला फोटो पाठवला. तिचं उत्तर — 'वाव बाबा, बट इज शी स्लीपिंग?' हल्लीच्या मुलांना ग्राफ वाचता येत नाही.

२८ सप्टेंबर

भिंग घेऊन तपासलं. मादी झाडाला पांढरे केस दिसायला हवेत. केस नाहीत. नर झाडाला गोळ्या. गोळ्याही नाहीत. पानांच्या बेचक्यात टोकदार हिरव्या कळ्या आहेत. गुरुदत्त म्हणतो, तिसरंच काही असेल. कशाला विचारतो मी त्याला!

तीन. आठाचे तीन! फूल येण्याआधी ही अवस्था, तर आल्यावर काय.

५ ऑक्टोबर

फूल आलं.

सातला ताडपत्री काढली. माझ्या तळहाताएवढं. फिकं पिवळं, पाच पाकळ्या, मध्ये गडद लाल डोळा. हळदीकुंकवाला ठेवावं असं. गांजाचं फूल असं नसतं एवढं मलाही कळतं.

उल्काला हाक मारली. ती कठड्याला धरून उभी राहिली. म्हणाली, 'अंबाडी आहे ती.'

गुरुदत्तला फोन. त्याने यामिनीला विचारलं. तिच्या भाजीच्या बियाही फिल्मच्याच डबीत. दोन डब्या शेजारी शेजारी. याने तिची अंबाडी मला दिली आणि तिने हिमालय पेरला, कडू लागला म्हणून उपटून नगरपालिकेच्या गाडीत घातला. स्कंकचा उलगडाही झाला — तो वास गांजाचा. तो हसत होता. मी फोन ठेवला.

अंबाडी मी ताटात पाहिलेली, झाडावर नाही. जुलैत ताटातही ओळखली नाही. ससे नव्हतेच. पाच महिने! पंच्याहत्तर वर्षांचा इंजिनियर भाजी झाकून निजवतो!

उल्काला कधी कळलं होतं विचारलं. जूनमध्येच म्हणाली, पान चावलं तेव्हाच. मी इतका चिडलो की जेवलो नाही. दुपारपर्यंत फूलही मिटलं.

६ ऑक्टोबर

सातला सवयीने उठलो. झाकण काढायचं नव्हतं. फ्रिजसमोर उभा राहिलो. तिथे आलेख. अंबाडीच्या काढ्याने आठाचे तीन कसे होतील?

उल्काला म्हटलं, खरा आकडा सांग.

'आठ. मधूनमधून नऊ.' मग म्हणाली, 'आकडा हलला नसता तर तुम्ही विचारायचं सोडून परत बेसमेंटमध्ये जाऊन बसला असतात. किमो चालू होता तेव्हा एकदा तरी विचारलंत?'

नव्हतं विचारलं.

हे प्लाझाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लिहितोय. उल्का शेजारी आहे. ऑइलचं दुकान उघडायला अजून वीस मिनिटं आहेत.