आधी छप्पर, मग भिंती

प्रिय अहो,

पत्राच्या सुरुवातीला नाव लिहायचं असतं. पण तुमचं नाव उखाण्याबाहेर मी कधी घेतलंच नाही, तेव्हा 'अहो'वरच भागवते. देवापुढं गुळाचा खडा ठेवला आणि तशीच लिहायला बसले. कारणच तसं आहे. आज राहू गावच्या तात्यांची नवी वेबसाईट सुरू झाली आणि तिच्यावर तुमची अक्षरं आहेत. होय, तुमचीच! जी पुसून टाकायचं ठरलं होतं, ती.

जिंकलो आपण!

आपल्या सीमानं केलेली पहिली वेबसाईट आठवते का? शिरूरलाच कॉम्प्युटरचा क्लास करून तिनं ती तात्यांच्या गुऱ्हाळासाठी बनवली होती. काळं पान, पिवळी अक्षरं. एक ओळ उजवीकडून डावीकडं पळतेय, कोपऱ्यात समई लुकलुकतेय, खाली किती जण बघून गेले त्याचा आकडा. मला तर देवाचा छबिनाच निघाल्यासारखं वाटलं. तुम्ही मात्र चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "ही वेबसाईट हाय का रसवंतीचा गाडा?" पोरगी दिवसभर तुमच्याशी बोलली नाही. असं बोलतात का हो लेकीला?

खरं दुखणं मला ठाऊक होतं. बाजारात फ्लेक्स आले आणि तुमचे ब्रश डब्यात वाळायला लागले. अख्ख्या शिरूरच्या दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, दुपारचा घरी बसायला लागला. कॉम्प्युटरचं नाव काढलं की तुम्ही पाठ फिरवायचात, आणि लेक नेमकी त्याच्याच मागं लागलेली!

मग तात्यांचा फोन आला. पाहुण्यांना घेऊन ते दौंडला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले होते, मोठ्या ऐटीत वेबसाईट दाखवायला. आणि पडद्यावर मराठीच्या जागी नुसत्या वाकड्यातिकड्या खुणा! "सीमाताई, ह्ये काय? विंग्रजीत शिव्या दिल्यात का मला?" त्या वेळी मराठी अक्षरं ज्या कॉम्प्युटरवर बसवलेली असतील तिथंच दिसायची, हे पोरीच्या ध्यानातच आलं नव्हतं. उंबऱ्यावर बसून रडायला लागली.

तुम्ही उठलात. पांढरा पुठ्ठा घेतलात, ब्रशचं टोक चिमटीत ओढलंत आणि 'राहूचा गूळ' लिहिलंत. आधी अक्षरं, आणि वरची रेघ सगळ्यात शेवटी, एका दमात. "आधी भिंती उभ्या राहू देत, मग छप्पर," ही तुमची जन्माची पद्धत. वर छोटासा 'श्री' काढलात. श्रीचे पैसे कधी कुणाकडून घेतले नाहीत तुम्ही. हिशोब मी लिहायची, म्हणून मी कुरकुरायची. तुमचं आपलं एकच, "देवाचं बिल कुणाच्या नावावर फाडू?"

सीमानं तो पुठ्ठा स्कॅन करून चित्र म्हणून वेबसाईटवर चढवला. चित्र कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसतं! खात्री करायला आपण तिघं दौंडला गेलो. नेट कसलं, मुंगीसुद्धा पुढं गेली असती. चित्र वरून खाली उतरायला लागलं. आधी श्री, मग नुसतीच रेघ, मग त्या रेघेला लोंबकळत हळूहळू अक्षरं. तुम्ही खुर्चीतून उठलातच. "अगं, आधी छप्पर, मग भिंती! कसलं ह्ये बांधकाम?" सगळं कॅफे हसलं. पण परत येताना तुम्हीच सीमाला विचारलंत, "पुढची पाटी कवा करायची?" वेबसाईटला शेवटपर्यंत पाटीच म्हणालात. आणि तिच्या पाट्यांवर ब्रश फिरवत असतानाच निघून गेलात. एवढी काय घाई होती?

तुमच्यामागं ह्या वेबसाईटींनी किती सोंगं बदलली म्हणून सांगू! मधे एक काळ असा आला की साईट उघडली की आधी पडदे सरकायचे, ढगातून नाव यायचं, वाजंत्री वाजायची. माणूस भाव विचारायला आलेला, तो बसायचा वरात बघत! मग तेही गेलं. आता पानं कशी घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारखी, पांढरी, मोकळी. आणि मराठी कुठल्याही कॉम्प्युटरवर आपोआप दिसते.

तिथंच घोडं अडलं. तात्यांचा विकास आता कारभार बघतो. तो घरी येऊन म्हणाला, "काकू, काकांच्या अक्षरांची चित्रं काढावी लागतील. चित्रातलं नाव नेटला वाचता येत न्हाई. कुणी 'राहूचा गूळ' शोधलं, तर आपण सापडतच न्हाई." बोलणं खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. तुमच्या बाजारातल्या पाट्या एकेक करून उतरल्या होत्या. ही एक जागा राहिली होती.

तो गेल्यावर मी सीमाला म्हटलं, "वडलांच्या अक्षरांवर पाणी फिरवणार तू?"

ती म्हणाली, "चित्रं जाऊ दे, आई. मी बाबांच्या अक्षरांचा फॉन्टच करते. त्यांची मुळाक्षरं एकदा गोळा झाली की त्यांच्या वळणात कुठलाही शब्द टाइप करता येईल. आणि नेटलाही तो वाचता येईल."

मग काय! निघालो मायलेकी. पुठ्ठ्यांवर होती ती अक्षरं घेतली, उरलेल्यांसाठी अख्खं शिरूर पालथं घातलं. 'ळ' तात्यांच्या 'गूळ'मधूनच मिळाला, 'ज्ञ' एका शाळेच्या भिंतीवर भेटला. अडला तो 'ढ'. ढ वरून दुकान कोण काढणार? शेवटी नगर रोडला एका धाब्याच्या मागं, गंजलेल्या पत्र्यावर तुमचं 'ढाबा' सापडलं. धाबेवाला म्हणाला, "या मावशी, जेवायला काय देऊ?" मी म्हटलं, "भाकरी बांधून आणलीय बाबा, मला तुझा ढ पायजे!" तो हसायला लागला. मी मात्र भर उन्हात त्या पत्र्याला हात जोडले.

कितीतरी दिवस सीमा एकेक अक्षर नीट करत बसली. वेलांटीला वर आणि उकाराला खाली जागा सोडायची, तुम्ही शिकवलेलं सगळं तिनं सांभाळलं.

काल म्हणाली, "झालं. आता ह्या फॉन्टला नाव द्यायचंय. सांग."

एक राग मात्र अजून आहे तुमच्यावर. सगळ्या गावाची नावं रंगवलीत, पण कुठल्या पाटीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकलं नाहीत. "लोकांच्या दारात आपलं नाव कशाला?" म्हणे! मग ते घेणार कोण?

मी पदर सावरला, देवाकडं बघितलं आणि म्हटलं, "निवृत्ती."

उखाणा नाही, आडपडदा नाही. स्वच्छ, मोठ्यानं.

सीमानं माझ्याकडं बघितलं, मग तेच टाइप केलं. तुमच्या हातचं तुमचं नाव पडद्यावर आलं. आणि अहो, यावेळी छप्पर आणि भिंती एकदमच उभ्या राहिल्या!

आज विकासनं दौंडहून फोन केला. 'राहूचा गूळ' शोधलं आणि पहिल्या झटक्यात आपण सापडलो. मागून तात्या ओरडत होते, "वहिनी, आता शिव्या न्हाईत, नाव हाय नाव!"

शब्द देते तुम्हाला. आपल्या घरातून जी पाटी जाईल, तिच्यावर श्री फुकट राहील. आणि अक्षरं कुणाची म्हणून कुणी विचारलं, तर सीमाच्या आधी मी उत्तर देईन, तुमचं नाव घेऊन.

तुमची,
शालन