शुक्रवारच्या आधी

काळेवाडी,
बुधवार, १७ डिसेंबर २०२५

प्रिय सुजित,

मामा-मामींना माझा नमस्कार सांग. मामींचे गुडघे थंडीत जास्त दुखतात, शेक चालू असेल. इकडेही सकाळी बरीच थंडी असते. चाकणच्या बाजारात कांद्याची आवक वाढल्यामुळे रस्ता ट्रकांनी भरलेला, कंपनीची बस रोज उशिरा पोचते. आपण दोघं एका खोलीत राहून कामावर जायचो, तेव्हाही असंच होतं. तू औशाला पंपाचं दुकान टाकलंस ते बरं केलंस.

काल मी तुला फोन केला आणि सोयाबीनचा भाव विचारून ठेवला. मला भाव विचारायचा नव्हता. नंतर मोबाइलवर लिहायला घेतलं, पण तिथे लिहिलेलं पुसता येतं आणि मी दोनदा पुसलं. म्हणून कागदावर लिहून लातूरच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे देतोय. उद्या सकाळी तुला मिळेल.

मागच्या महिन्यात मला ताप आला होता, हे वर्षालीने माहेरी आल्यावर तुला सांगितलंच असेल. तिला मी कंबर धरली म्हणालो होतो. कंबर नव्हती. लघवीला आग होत होती आणि खाली, जागेवर सूज आली होती. पेंट शॉपमध्ये उभं राहवेना तेव्हा आमच्या लाइनवरच्या तौफिकभाईने ओळखलं. काही न विचारता त्याने सुपरवायझरकडून माझी सुट्टी घेतली आणि रिक्षात घालून कासारवाडीला डॉक्टरांकडे नेलं. मी रिक्षातही कंबरच दुखते म्हणत होतो.

डॉक्टरांनी आधी असं कधी झालं होतं का विचारलं. झालं होतं. लग्नाच्या आदल्या वर्षी. लाइन सोडून जायला नको म्हणून मी पूर्ण शिफ्ट पाणी पीत नसे, लघवी दाबून ठेवत असे. तेव्हाही सूज आली, दोन्हीकडे. मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेतल्या आणि उतरल्यावर विसरून गेलो. अशा ठिकाणचं दुखणं कुणाला दाखवायचं, हाच एक विचार.

ताप गेल्यावर त्यांनी माझी तपासणी केली. पुन्हा केली. मग मला समोर बसवून सांगितलं. आपल्या अंगात जंतू ओळखणारे सेन्सर असतात, तसे त्या भागातही असतात. एरवी तिथे त्यांना जरा दबून राहावं लागतं, कारण पुरुषाचं बीज वयात आल्यावर तयार होतं आणि शरीर त्यालाच परकं समजण्याची भीती असते. पण लघवीतून जंतू वर चढले की ते जागे होतात आणि सूज येते. वेळेवर औषध मिळालं तर सगळं शांत होतं. मला मिळालं नाही. सूज आतल्या आत धुमसत राहिली आणि बीज वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या दोन्ही बाजूंनी बुजल्या.

"म्हणजे माझ्यामुळे?" मी विचारलं.

"दुखण्यामुळे," ते म्हणाले. "पण मूल न होण्याचं कारण तुमच्याकडे आहे, हे नक्की. आता पत्नीला आणखी तपासण्या नकोत."

उपाय आहे म्हणाले. नळी जोडता येते का बघतील, नाहीतर बीज थेट सुईने काढून घेता येतं. खात्री देत नाहीत.

हे सोमवारी झालं, आणि मूल का होत नाही ते बघायला वर्षालीचं दुर्बिणीचं ऑपरेशन तिकडे शुक्रवारी ठरलेलं. आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

सोमवारी संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "हे बाहेर कुठं बोलायचं न्हाई, गणू. शुक्रवारचं तिचं ऑपरेशन होऊ दे. बायकांचं पोट कापतेतच. तुला लोक काय म्हनतील?"

आणि मी मान हलवली, सुजित.

थोड्या वेळाने वर्षालीचा फोन आला. ताप परत आला नाही ना, असं तिने आधी विचारलं. मग म्हणाली, "शुक्रवारी याल ना तुम्ही? भूल द्यायच्या वेळेला आपलं माणूस जवळ पाहिजे." मी म्हणालो, सुट्टी मिळाली तर बघतो. आई समोरच बसली होती. ज्या पोटात काही बिघडलेलं नाही तिथे दुर्बीण घालणार आहेत, हे मला माहीत होतं, आणि मी सुट्टीचं बोललो. काल पूर्ण दिवस तसाच कामावर गेलो, डबा खाल्ला, तौफिकभाईशी हसून बोललो.

आजारपणाची लाज मला आता वाटत नाही. तो डबा घशाखाली उतरला, त्याची वाटते.

म्हणून सांगतो, ऑपरेशन होऊ देऊ नकोस. तिथल्या डॉक्टरांना गरज वाटली तर हे पत्र दाखव. वर्षालीलाही वाचायला दे, पण त्याआधी तोंडाने सांग की तिच्यात काही दोष नाही. चार वर्षं आमच्या घरात ती उलटंच ऐकत आली. हळदी-कुंकवाला आई तिला मागे बसवायची तेव्हा मी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवत असे.

आज सकाळी आईला सांगितलं, मी कळवणार आहे. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बोलेल किंवा नाही.

उद्या रात्रीच्या गाडीने मी निघतोय. नांदायला पाठवा असं म्हणायला येत नाही, ते वर्षाली ठरवेल. ज्यांनी मला मुलगी दिली त्या मामा-मामींसमोर हे सगळं पुन्हा एकदा माझ्या तोंडाने बोलायचं आहे. तेव्हा तू दया येऊन मला मध्येच थांबवू नकोस. थांबवलंस तर मी थांबेन, मला माझी सवय माहीत आहे.

तुझा मित्र, आणि अजून तरी तुझ्या बहिणीचा नवरा,
गणराज