रुमालाखालचा आकडा

शेंदूरजनाघाट

प्रिय अश्लेषा,

माझ्या निकाहला यायला जमणार नाही, एवढाच तुझा मेसेज आला. परराष्ट्र खात्यात गेल्यापासून फारच मोजकं बोलायला शिकलीस बाई. राजापेठेत क्लास सुटल्यावर स्कूटीवर बसून तासन्‌तास बडबडणारी ती तूच का, असं वाटून गेलं.

इकडे संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू आहे. बांगलादेशानं आयात कर वाढवल्यापासून तिकडे जाणारे ट्रक कमी झालेत आणि निम्मी संत्री झाडाखालीच पडून असतात. तू घेतलेल्या त्या ऑनलाइन बैठकीचा विषय त्यामुळे रोज निघतो. शेजारी देशाशी बोलणी करण्याआधी आमच्यासारख्यांना कुणी विचारलं, असं इथं पहिल्यांदाच घडलं. अब्बा इस्त्रीचा कुर्ता घालून माझ्या लॅपटॉपसमोर बसले होते. किती कर परवडेल, असं तू विचारलंस आणि त्यांचा हात आपोआप खांद्यावरच्या रुमालाकडे गेला. मला हसू आवरेना. जन्मभर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवलेला व्यापारी तो, चारचौघांत खरा आकडा कसा सांगणार? म्हणाले, कर शून्यच पाहिजे. मग खुशालराव, केशवराव, बैठकीला बसलेल्या सगळ्या बागवाल्यांनी तेच सांगितलं. प्रत्येकाला वाटत होतं, ही तर सौद्याची सुरुवात आहे, दिल्ली आता घासाघीस करेल. तुम्ही मात्र तोच आमचा शेवटचा शब्द समजून पुढे मांडलात. समोरच्यांनी नाही म्हटलं आणि बोलणी तिथंच थांबली.

तेव्हापासून तू अमरावतीलासुद्धा फिरकली नाहीस. मी लोकांना उगाच आशा लावली, आता कोणत्या तोंडानं जाऊ, असं म्हणालीस म्हणे. सिंधूकाकूंनी, तुझ्या आईनंच मला सांगितलं. फार वाईट वाटलं गं.

तू येत नाहीस हे काल अब्बांना सांगितलं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “त्या पोरीची काय गलती? तिनं उघड इचारलं, मीच आकडा रुमालाखाली ठेवला. तिले म्हण, येऊन जा. या बारी तोंडानं सांगतो, मांडवात, सगळ्याइसमोर.”

म्हणून हे पत्र. तो आकडा त्यांनी मला सांगितलाय. पुढची बोलणी सुरू होण्याआधी तुला तो लागणार, हेही मला ठाऊक आहे. पण मी कळवणार नाही. ऐकायला तुलाच यावं लागेल.

वाट पाहणारी, तुझीच
बिल्कीस